सिस्टीम घेत नाही!

ग्रंथालयातल्या देवघेवीच्या काउंटरवर हल्ली दंडावरून हुज्जत घालायची सोय उरलेली नाही. "काका, सिस्टीमच दाखवतेय," एवढं ऐकलं की भला माणूस निमूट पाकीट काढतो.

ही सिस्टीम बऱ्याच ठिकाणी 'कोहा' असते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलेली, फुकट मिळणारी. म्हणूनच आपल्या कॉलेजांतही लोकप्रिय. रात्री सगळे झोपले की तिचा एक प्रोग्राम उठतो, मुदत टळलेली पुस्तकं हुडकतो आणि सभासदाच्या खात्यातला दंड वाढवतो. रोज नवी नोंद नाही. एकच ओळ, पुस्तक परत येईपर्यंत फुगत जाणारी.

पण किती फुगायचं ते तिला कोणीतरी सांगावं लागतं. कमाल दंडाचा रकाना कोरा सोडलात, तर ८० रुपयांच्या कादंबरीवर ८०० चढले तरी ती थांबत नाही. दिवाळीच्या सुट्ट्या कॅलेंडरात घातल्या नाहीत, तर बाहेर कुलूप आणि आत मीटर चालू. आणि तीन दिवसांची सवलत दिली असेल, तर चौथ्या दिवशी एकाच दिवसाचा दंड लावायचा की मागचे तीन धरून चारांचा, याचीही वेगळी सेटिंग आहे. एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घ्यायची व्यवस्था! (हे ज्याला सुचलं त्याच्या घरी पिढीजात सावकारी असणार.)

सगळ्यात भारी तो ५. थकबाकी किती झाली की नवं पुस्तक अडवायचं, त्याचा आयता भरून आलेला आकडा ५ असतो. पाच कसले, हे यंत्राला ठाऊक नाही. तिकडे डॉलर, इकडे रुपये. तो बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, की सहा रुपये थकवणारा पोरगा ऐन परीक्षेत बुडवा कर्जदार ठरतो. मग तो काउंटरवर गयावया करतो आणि त्याला ऐकवतात, "सिस्टीम घेत नाही."

घेते हो. पुस्तक जमा करतानाच दंड माफ करायची चौकट त्याच पडद्यावर असते. अधिकार असलेल्याने टिचकी मारली की काम झालं. फक्त माफी कोणी दिली, हेही तिथे नावानिशी नोंदलं जातं. बहुधा म्हणूनच ती चौकट कोणाला दिसत नाही.