समुद्राचे किती टँकर?

मुले पुण्याला शिकायला गेल्यामुळे घरात दोघेच उरलेले, मोटारीचे हप्ते नुकतेच फिटलेले, आणि दर उन्हाळ्यात कोकणकिनारा फिरून आल्यावर पुढचे दोन महिने सगळ्या गल्लीला त्याचा हिशेब ऐकवणारे दांपत्य लातूर-नांदेडकडच्या वाचकाच्या चांगलेच ओळखीचे असल्यामुळे, त्याचे साद्यंत वर्णन करण्याऐवजी त्याचा एकच विशेष नोंदवणे पुरेसे ठरते : या दांपत्यातील पुरुष कोणतेही पाणी टँकरात मोजतो. टँकर या शब्दाचा अर्थ मराठवाड्यात सांगावा लागत नाही. तथापि इतर विभागांतील वाचकांसाठी एवढे स्पष्ट करावे लागेल की, येथे टँकर हे वाहन नसून एकक आहे, आणि एक टँकर म्हणजे १०,००० लिटर असे या गृहस्थांनी स्वतःपुरते ठरवून टाकले आहे. गल्ली त्यांना ‘सर’ म्हणते, कारण लातुरात चष्मा लावणाऱ्या दर दुसऱ्या माणसाने कधी ना कधी शिकवणी घेतलेली असते; त्यांच्या पत्नी अर्थातच ‘मॅडम’ होत. सरांच्या खिशात बियाण्यांच्या दुकानातून भेट मिळालेली एक डायरी असते, तिच्यात डाव्या रकान्यात पाण्याचे नाव आणि उजव्या रकान्यात टँकरांची संख्या लिहिलेली असते, आणि पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी ती उघडली जाते.

या सवयीचे मूळ शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन ‘जलदूत’ ही रेल्वेगाडी सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून शहरात आली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून, म्हणजे मालगाडीच्या डब्यांतून, सुमारे ५ लाख लिटर पाणी आले, आणि पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. सरांच्या डायरीतील पहिली नोंद याच गाडीची असून तिच्यापुढे ‘५०’ आणि ‘२५०’ असे दोन आकडे आहेत. ज्या पिढीने रेल्वेची वाट पाहुण्यांसाठी न पाहता पाण्यासाठी पाहिली, तिला समुद्र दाखवला असता ती निसर्गसौंदर्याविषयी बोलेल, अशी अपेक्षा करणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे ठरते.

या प्रकारात एक नांदेडी उपप्रकारही आढळतो. नांदेडला गोदावरी असल्यामुळे तेथील गृहस्थ टँकराला कमी लेखतात आणि विष्णुपुरी हे एकक वापरतात. विष्णुपुरी हा गोदावरीवरील उपसा सिंचन प्रकल्प, म्हणजे पंपांनी पाणी वर उचलून कालव्यात सोडणारी योजना होय. अरबी समुद्रापुढे उभा केला असता नांदेडकर क्षणभर थांबतो आणि विष्णुपुरीची दारे उघडल्यावर असेच दिसते, असे सांगतो. मालवणच्या एखाद्या खानावळीत हे दोन उपप्रकार समोरासमोर आले, तर विभागीय आयुक्तालय कोणत्या शहरात असावे हा जुना वाद बाजूला पडून, समुद्र कोणत्या शहराला अधिक जवळ आहे हा नवा वाद सुरू होतो. रत्नागिरी–नागपूर महामार्गावर लातूर अलीकडे आणि नांदेड पलीकडे असल्यामुळे त्यात लातूरकर जिंकतो, आणि जिंकल्याच्या आनंदात दोघांचेही सोलकढीचे बिल भरतो.

समुद्राची ही ओढ ऐतिहासिक कारणांनी वाढली असणे शक्य आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याला चारही बाजूंनी जमीनच होती. गोव्यातील मार्मागोवा बंदर पोर्तुगिजांकडून मिळावे, अशी खटपट निजामाच्या बाजूने झाली होती, पण ती फळाला आली नाही. निजामाला जे साधले नाही ते आपण एका टाकी पेट्रोलमध्ये साधले, असे सर तुळजापूर ओलांडण्याच्या आतच मॅडमना सांगतात. मॅडमनी ते मागील चार उन्हाळ्यांत ऐकलेले असल्यामुळे त्या, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर नगर असून इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार तेथील माल गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असे, हे पुढचे वाक्य स्वतःच पूर्ण करतात आणि मग डबा उघडून धपाटे काढतात.

मोटारीच्या मागच्या भागात या दांपत्याच्या कपड्यांपेक्षा अधिक जागा २० लिटरच्या दोन कॅनना मिळते. समुद्राला जाताना लातुराहून पाणी नेण्याचे कारण विचारले असता ‘तिकडचं पाणी बाधतं’ असे उत्तर मिळते. परंतु खरे कारण असे की, भरलेले भांडे मागे ठेवून घराबाहेर पडणे या दोघांना जमत नाही. मिरजेला गाडी थांबवून कृष्णेला हात जोडण्याचा विधी होतो, तो देवदर्शनापेक्षा उधारी मान्य करण्याच्या जवळ जातो. आंबा घाट उतरताना सर आठवण करून देतात की, लातूरला वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटाखाली तीन हजारांच्या आसपास. आणि रस्त्याकडेचा प्रत्येक ओहोळ पाहून मॅडम दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : ‘अहो, एवढं पाणी कुठं जायलंय?’ रत्नागिरीनंतर किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारा सागरी मार्ग लागतो आणि पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर या टप्प्यांनी खाड्यांवरचे पूल ओलांडत जातो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर काचेपलीकडे पसरलेले दिसते.

समुद्राचे मोजमाप करण्याचा सरांचा पहिला प्रयत्न कुणकेश्वरच्या वाळूत झाला आणि तो मॅडमनी हाणून पाडला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हे सरांनीच त्यांना सांगितले होते. त्यावरून मॅडमनी मनातल्या मनात हिशेब करून, म्हणजे एका टँकरमागे साडेतीन क्विंटल मीठ, असे जाहीर केले आणि लातूरच्या आडतीत एवढे मीठ उतरवून घेण्याची हमाली किती होईल, असे विचारले. डायरीत ‘अरबी समुद्र’ या नावापुढे त्यामुळे ‘मीठ वजा जाता’ एवढेच शब्द असून आकडा अद्याप यायचा आहे.

कर्ली नदी तारकर्ली–देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते, तेथील खाडीत शिडाच्या होडीतून फिरणे हा सहलीचा दुसरा भाग. शीड म्हणजे डोलकाठीला बांधलेले, वारा अडवणारे कापड. वारा समोरून येत असेल तर होडी सरळ न नेता तिरकी, आलटून पालटून डावी-उजवीकडे नागमोडी न्यावी लागते. ही युक्ती खलाशाने समजावून सांगितली, तेव्हा सरांनी, यापेक्षा पाच हॉर्सपॉवरची मोटर टाकली असती तर एव्हाना पोचलो असतो, असे मत दिले. पुढे वारा पडून शीड लोंबू लागताच ‘लाईट गेली’ असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले, आणि ‘कधी येते?’ हा प्रश्न त्यांनी इतक्या सवयीने विचारला की, आयुष्यात भारनियमनाचे वेळापत्रक कधी न पाहिलेला तो खलाशीही आकाशाकडे पाहून ‘येयत’ म्हणाला. खाडीचे पाणी भरतीला किती आणि ओहोटीला किती, याची चौकशी मात्र सरांनी मनापासून केली. दिवसातून दोनदा, न चुकता आणि पाणीपट्टी न भरता पाणी येते, ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत संशयास्पद वाटत राहिली.

सहलीचा कळस म्हणजे स्कूबा, अर्थात पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे. मालवणच्या आसपास हा उद्योग चांगला रुजला आहे. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून पाच-सहा मीटर खोल नेतो. सुरुवातीच्या सूचनांत ‘टाकी’ हा शब्द कानी पडताच सर सावध झाले आणि ती किती दिवस पुरते, असे त्यांनी विचारले. पाऊण तास, हे उत्तर त्यांना पटले नाही. १० लिटरच्या नळकांड्यात वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने कोंबलेली हवा बाहेर मोकळी सोडली तर २,००० लिटर भरते, हे समजल्यावर त्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वीच डायरी मागवून ‘हवा : पाचवा हिस्सा टँकर’ अशी नोंद मॅडमकडून करून घेतली. तोंडात धरायच्या रेग्युलेटरला, म्हणजे दाबाखालची हवा श्वासापुरतीच सोडणाऱ्या झडपेला, त्यांनी ‘तोटी’ असे नाव दिले आणि अनर्थाला येथूनच प्रारंभ झाला.

पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये, हा या विद्येतील पहिला नियम आहे, कारण वर येताना दाब कमी होऊन छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. परंतु ज्या माणसाने दात घासताना तोटी उघडी ठेवली नाही, अंघोळीचे पाणी मोरीत न सोडता कुंड्यांना घातले आणि सात-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची टाकी थेंबाथेंबाने पुरवली, त्याला पाठीवर पाचवा हिस्सा टँकर बांधून मोकळेपणाने वापर असे सांगणे म्हणजे त्याच्या संस्कारांवरच घाव होय. सर एक श्वास घेत आणि मग काटकसर करत. प्रशिक्षक खुणा करी, सर मान हलवत आणि पुन्हा काटकसर करत. अखेर त्यांना वर आणून तोंडातली झडप काढायला लावली गेली, तेव्हा तो मालवणी तरुण काकुळतीने म्हणाला, ‘काका, श्वास घेवा! हवा भरपूर आसा!’ त्यावर सरांनी, भरपूर आहे म्हणूनच जपून वापरायची असते, हे तत्त्व त्याला लाटांवर तरंगत समजावून सांगितले. दुसऱ्या फेरीत मॅडम उतरल्या, त्यांनी सुखाने श्वास घेतला, रंगीत मासे पाहिले, आणि वर आल्यावर एवढेच म्हणाल्या की, खाली हंडे घासल्यासारखा आवाज येतो. सरांनी मात्र तेथेही हिशेब सोडला नव्हता : पाच मीटर खोलीवर दर चौरस मीटरमागे ५,००० लिटर पाणी डोक्यावर असते, सबब आपण अर्धा टँकर डोक्यावर घेऊन उभे होतो, असे ते आजही सांगतात, आणि लातुरात डोक्यावर पाणी वाहिलेल्या बायकांपुढे ही बढाई टिकत नाही, हे मॅडम त्यांना आजही ऐकवतात.

एक प्रसंग मात्र सर सांगत नाहीत. तो मॅडमकडून, तोही सर खोलीत नसताना, कळतो. रत्नागिरीहून दक्षिणेला येताना मे महिन्याच्या भर दुपारी एका वाडीच्या वळणावर टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती हंडे-कळशांची रांग होती. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात टँकर कसा, हे कोडे सोपे आहे : जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ, पाणी जसे वेगाने येते तसेच निघून जाते, आणि एप्रिल उजाडला की डोंगरावरच्या वाड्या कोरड्या पडतात. सरांनी गाडी थांबवली. डायरी काढली नाही. नळी सुकल्यावर रांगेत दोन म्हाताऱ्या रिकाम्या कळशांनिशी उरल्या, तेव्हा त्यांनी मागचे दार उघडून लातुराहून आणलेला एक कॅन त्यांच्या कळशांत रिता केला आणि पुढे विजयदुर्ग येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावाचे पाणी पावसाच्या गावाला देण्यात जो विनोद आहे, तो कोणत्याही नियोजन अहवालात सापडत नाही, कारण अहवाल लिहिणारे सहसा रस्त्याने जात नाहीत.

शेवटच्या दिवशी सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, त्या या किल्ल्याच्या चारही बाजूंना खारे पाणी असून आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर. पाण्यालाच दूध, दही आणि साखर ही नावे कोणी दिली असतील, यावर वाटाड्याने काही सांगण्यापूर्वीच सरांनी निर्णय दिला : ‘हे नाव ठेवणारा आमच्याकडचाच असणार.’ मग ते कठड्याशी थांबले आणि बराच वेळ खाली पाहत राहिले. मॅडमनी रिकामा कॅन पुढे केला नाही आणि सरांनीही मागितला नाही.

घरी परतल्यावर दोघांनी चपला काढण्यापूर्वी गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण उघडून पाहिले आणि मगच गल्लीला डायव्हिंगची चित्रफीत दाखवण्यासाठी बोलावले. डायरीतही त्या सहलीची सर्व पाणी लिहिलेली आहेत : खाडी आहे, हवा आहे, डोक्यावरचा अर्धा टँकर आहे. साखरबाव हे नावही डावीकडे स्वच्छ अक्षरात आहे. उजवा रकाना कोरा आहे.