राजाची भावकी

"वहिनी, तुमच्या नातवाचं जनावर आमच्या अळूच्या वाफ्यात सापडलं हो. घ्या."

"टी-रेक्स आहे तो! म्हणत होता, आपल्याकडेही होता म्हणून."

"छे! टी-रेक्स अमेरिकेतला. आपल्याकडचा राजासॉरस. गुजरातेत, बाळासिनोरजवळच्या रैयोलीचा."

जोशीबाई जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना एक विचारलं की चार गोष्टी ऐकाव्या लागतात. कुकर लावलेला होता, तरी मी भिंतीला टेकलेच.

"कसा सापडला मग हा राजा?"

"१९८२ ते ८४मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तवांनी ती हाडं काढली. आणि काढताना एक फार शहाणपणाचं काम केलं. कुठलं हाड कुठे, कसं पडलंय, त्याचा नकाशाच करून ठेवला."

"त्यात काय एवढं?"

"सगळं त्यातच तर आहे! जबलपूरला बारा सिमला टेकडीवर इंग्रजांच्या काळात मॅटलीनं अशीच हाडं काढली होती. फॉन ह्युने आणि मॅटली यांनी १९३३ साली त्यांना नावं दिली, इंडोसुकस आणि इंडोसॉरस. पण तिथे अनेक जनावरांची हाडं एकमेकांत मिसळलेली. पाय कुणाचा, मणका कुणाचा, पत्ताच लागेना. इंडोसुकसला तर पुढे कुणी चक्क टी-रेक्सच्या कुळात नेऊन बसवलं."

"अगं बाई! भलत्याच घरात?"

"हो ना! रैयोलीला तसं झालं नाही. श्रीवास्तवांच्या नकाशामुळे मणके, कंबरेची हाडं, मागचे पाय, शेपूट आणि कवटीचा मेंदूकडचा भाग एकाच जनावराचा म्हणून जुळवता आला. श्रीवास्तव, अशोक साहनी आणि अमेरिकेचे विल्सन, सेरेनो वगैरे मंडळींनी मिळून २००३ साली त्याचं बारसं केलं."

मला विचाराल तर निम्मं श्रेय त्या नकाशाचं. पण बातमीत नाव येतं ते राजाचं.

"तोंडवळा कसा होता?"

"नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांचा मिळून डोक्यावर एकच बुटकं, गोलसर शिंग. लांबीचे अंदाज साडेसहा मीटरपासून नऊपर्यंत. हात काही मिळाले नाहीत, पण घराण्याची रीत पाहता आखूडच असणार. अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस आहे ना, त्याचा कोपराखालचा हात नावालाच."

"अर्जेंटिना? एवढ्या लांब सोयरिक?"

"सोयरिक कसली, रक्ताची भावकी! अबेलिसॉरस घराणं. ते वेगळं म्हणून ओळखलं गेलं तेच मुळी १९८५ साली, अर्जेंटिनातल्या हाडांवरून. मग आपल्याकडच्या हाडांचंही कोडं सुटलं. पूर्वी ही सगळी जमीन एकत्रच होती. मादागास्कर तर आपल्यापासून सुटलं ते साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी. तिथला मजुंगासॉरस आपल्या राजाच्या जवळचा. या मजुंगासॉरसच्या जातभाईंच्या हाडांवर त्याच्याच दातांचे व्रण सापडलेत."

"म्हणजे भाऊबंदकी तेव्हापासूनच!"

"आणि टी-रेक्स हा पाखरांच्या बाजूच्या फांदीवरचा. दोघंही मांस खायचे, दोन पायांवर चालायचे, म्हणून सख्खे होत नाहीत."

"मग आपल्या पंचवटीत का नाही निघत काही? खर-दूषण इथेच मेले म्हणतात. मोठी हाडं मिळायला हरकत नव्हती."

बाई हसल्या. "काळारामाचं देऊळ पाहा ना. रामशेजचा काळा दगड, तो लाव्ह्याचा. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थरावर थर ओतला गेला. हाडं आहेत ती त्याखालच्या लामेटा नावाच्या गाळाच्या थरात, आणि तो आपल्याकडे उघडा पडलेला नाही. विदर्भात पडलाय. चंद्रपूरच्या डोंगरगावला इसिसॉरस मिळाला, पण तो पाला खाणारा. पिसदुऱ्याला तर विष्ठेचे दगड सापडलेत. त्यांत गवताचे अंश निघाले, २००५ साली."

"शी! आणि ते तपासलं कुणी?"

"तपासलं म्हणून तर कळलं की डायनासोरांच्या काळातही गवत होतं!"

कुकरची तिसरी शिट्टी झाली. "नातवाला काय सांगू मग?"

"सांगू नका, दाखवा. रैयोलीला २०१९पासून डायनासोरांचं संग्रहालय आहे. दिवाळीच्या सुट्टीत न्या त्याला. आणि जाणार असाल तर मलाही हाक मारा."