समुद्र दिसणारी जागा

जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्र कोणालाही दिसतो, अगदी फुकट. जमीनही दिसते. ती कोणाची, एवढंच दिसत नाही. तसं विचारलं की गावातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात, आत वळून चहा टाकायला सांगतात, आणि चहा आला की पावसाविषयी बोलतात.

आम्ही तिथे गेलो ते आमच्या साडूंमुळे. साडू सिंगापूरला एका बँकेत कर्जातली जोखीम मोजतात. दुसऱ्याची जोखीम त्यांना मैलावरून दिसते. स्वतःच्या डोक्यात आलेली कल्पना मात्र त्यांना आजवर कधी धोक्याची वाटलेली नाही. या वेळची कल्पना अशी, की निवृत्तीनंतर समुद्रकाठी छोटंसं घर असावं. कोकणात भाव चढलेत, सिंगापुरात तेवढ्या पैशांत मोटार उभी करायची जागा मिळत नाही, मग मधल्यामध्ये जावा काय वाईट? "साडूभाऊ, तुम्ही कोकणातले. माड कळतात तुम्हाला. चला," असं म्हणून त्यांनी माझंही तिकीट काढलं. फुकटच्या प्रवासात तज्ज्ञ व्हायला माझी कधीच हरकत नसते.

योग्यकर्त्याहून निघालेला रस्ता पूर्वेकडे गुनुंग सेवूच्या टेकड्यांतून जातो. चुनखडीच्या या हजारो बुटक्या टेकड्यांना 2015 साली युनेस्कोने जागतिक भूउद्यान म्हणून मान्यता दिली. साडूंनी त्या वळणांवर दोनदा गाडी थांबवायला लावली, आणि दोन्ही वेळा त्याचं कारण भूगर्भशास्त्र नव्हतं. डोंगर उतरलं की पाचितान जिल्हा लागतो. इंडोनेशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो इथलेच, हे आमच्या ड्रायव्हरने जिल्ह्यात शिरताना सांगितलं, आणि नंतर दर पेट्रोल पंपावर. गावाचं नाव मी लिहीत नाही. भाव वाढतील, अशी साडूंना भीती आहे.

पाहुण्याने चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी, अशी पाटी तिथल्या गल्लोगल्ली असते. वर्दी घेतात ते पाक एर्ते, म्हणजे काही मोजक्या घरांचे प्रमुख. घरांचे असे गट पाडायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आणली. जपानी गेले, गट राहिले. आमचे पाक एर्ते हे काम बिनपगारी करत आणि पोटासाठी पंक्चर काढत. ग्रीसचे हात पुसून त्यांनी वही उघडली. त्यांचं स्वतःचं नाव एका शब्दात संपतं. ना वडिलांचं नाव, ना आडनाव. जावात अशी माणसं पुष्कळ, राष्ट्राध्यक्ष सुहार्तोही त्यांतलेच. साडूंनी आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव ऐसपैस सांगितलं, तेव्हा पाक एर्तेंनी दारातून बाहेर डोकावून विचारलं, "उरलेले दोघं गाडीतच बसलेत का?"

जागा झकास होती. मागे टेकडी, पुढे माडांची रांग, त्यापुढे हिंदी महासागर. कुंपण नाही. अंगण सकाळीच खराट्याने झाडलेलं, त्याच्या रेघा तशाच. मध्ये सागवानी खांबांचं, उतरत्या कौलांचं जुनं घर. साडूंनी खिशातून फीत काढली. तिथे जमीन ‘रू’मध्ये मोजतात. एक रू म्हणजे साधारण 14 चौरस मीटर, तेव्हा आपल्या गुंठ्यात सात रू बसतात. साडूंनी रूचे गुंठे केले, गुंठ्यांचे चौरस फूट केले आणि शेवटी भाव विचारला. आकडा ऐकून ते मटकन खाली बसले. मग आपल्या एका रुपयाला तिथले पावणेदोनशे-दोनशे रुपये मिळतात हे आठवलं, आणि उठले.

"मालक कोण?"

चहा आला. मोगऱ्याच्या वासाचा, पाकासारखा गोड. पावसाचं बोलून झालं. मग पाक एर्ते हळूहळू एकेक पदर सोडवू लागले.

जमीन एका आजोबांची. आजोबा वारले. त्यांचं नाव गावकचेरीतल्या सी-वहीत आहे. ही वही मूळची सारावसुलीची, डच अमदानीच्या वळणाची. मालकीचा पुरावा म्हणून कायदा तिला पुरेसं मानत नाही, गाव मात्र तिच्याखेरीज दुसरं काही मानत नाही. वहीत आजोबांचं नाव एका शब्दाचं, आणि त्याच शब्दाची गावात आणखी तीन माणसं. आजोबांना सात मुलं. त्यांतली दोन सरकारी स्थलांतर योजनेतून सुमात्राला लाम्पुंगमध्ये गेली ती तिकडचीच झाली, एक लेक हाँगकाँगला घरकामाला. सह्या सगळ्यांच्या हव्यात. वाटण्या कशा करायच्या, हे अजून ठरायचंय. जुन्या रिवाजाने मुलाला कावडीभर आणि मुलीला पाठुंगळीभर, म्हणजे दोनास एक. दुसऱ्या रिवाजाने सगळ्यांना सारखं. हाँगकाँगची लेक दुसऱ्या रिवाजाची, आणि घरी पैसे तीच पाठवते, त्यामुळे पहिल्या रिवाजाचा जोर अलीकडे कमी झालाय.

"ठीक आहे, जमीन सातांची," साडू लिहू लागले.

"जमीन," पाक एर्ते म्हणाले. "माड वेगळे."

माड धाकट्या काकांनी लावलेले, म्हणून ते काकांचे. जमीन ज्याची त्याचंच झाड, असं जावाचा रिवाज धरून चालत नाही. माती एकाची, झाड दुसऱ्याचं, घर तिसऱ्याचं असू शकतं, आणि देशाच्या जमीन कायद्यानेही हे तत्त्व रिवाजातून उचललंय. इथे माड काकांचे असले तरी त्यांचा रस शेजारी काढतो. तो खोडात पाडलेल्या खाचांवरून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वर चढतो, पोयीला बांधलेलं भांडं उतरवतो, आणि त्याची बायको कढईत रस आटवून गूळ पाडते. काही दिवसांचा गूळ काकांचा, काही दिवसांचा शेजाऱ्याचा. आणि रस काढला की त्या माडाला नारळ धरत नाहीत. म्हणजे जे नारळ ओळखायला मला आणलं होतं, ते नव्हतेच.

मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की श्राद्धाला त्यावरूनच पितर मोजावेत. पण साडू पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेले. त्यांनी कपाळ पुसलं. "निदान घर तरी जमिनीबरोबर येतं ना?"

घर जातं, असं कळलं. जावातलं जुनं लाकडी घर खुंट्या आणि खाचांवर उभं असतं. खांब, तुळया, वासे सुटे करून, खडूने आकडे घालून ट्रकमध्ये भरतात आणि दुसऱ्या गावात पुन्हा जोडतात. या घराची बोलणी योग्यकर्त्याच्या एका हॉटेलवाल्याशी झाली होती. पुढच्या महिन्यात ट्रक येणार होता. साडू ज्या ओसरीवर बसून आपल्या निवृत्तीची संध्याकाळ बघत होते, तिच्यावर लवकरच कोणीतरी नाश्त्याची बिलं फाडणार होतं.

"आणि जमिनीचं सर्टिफिकेट? तेही नाही?"

शेजारच्या एका तुकड्याचं होतं. 2017 पासून सरकारने गावंच्या गावं मोजून दाखले द्यायचा सपाटा लावला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो स्वतः सभांमध्ये दाखले वाटत, आणि विचारलेल्या माशांची नावं सांगणाऱ्याला वर सायकल देत. तो दाखला बघायला मिळेल का, असं साडूंनी विचारलं. मालक ओशाळून म्हणाला, "तो शाळेत गेलाय." ओसरीवर खसखस पिकली. दाखला बँकेत गहाण पडला की तिकडे असंच म्हणतात. या दाखल्याचं शिक्षण चालू होतं ते मालकाच्या मोटारसायकलीसाठी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला दस्त करणाऱ्या बाईंकडे गेलो. बाई अतिशय नम्र होत्या, आणि जावात नम्रता वाढत चालली की काम होण्याची शक्यता त्याच बेताने उतरते. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परक्याला वापराचा हक्क मिळू शकतो: 30 वर्षं, वाढवून 20, नूतनीकरण करून आणखी 30. साडूंनी आपल्या वयात 80 मिळवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. पण तोही इमिग्रेशनची रीतसर कागदपत्रं असलेल्याला, आणि अमुक किमतीच्या वरच्या घरासाठी. शेतजमीन असेल तर तिचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा हवा. जकार्तावाल्याचीही डाळ शिजत नाही. कोणा गाववाल्याच्या नावावर घेतली तर? बाईंनी आणखी नम्रपणे सांगितलं, की तसा व्यवहार कायद्याने रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. "लग्न करून बघतात काही जण," त्या पुढे म्हणाल्या, "पण त्यातही करारनामा लागतो." साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शिवाय भरतीच्या रेषेपासून 100 मीटरपर्यंत बांधकाम नाही. साडूंनी मोजलेली जवळजवळ सगळी जागा त्या 100 मीटरांत होती. शिवाय त्सुनामी. 2021 साली तिथल्या हवामान आणि भूकंप खात्याने पाचितानच्या किनाऱ्यासाठी सर्वांत वाईट शक्यता सांगितली, ती 28 मीटर उंच लाटेची. साडूंच्या मनात दुमजली घर होतं. गावात जागोजागी पळायच्या वाटेचे बाण रंगवलेत आणि ते सगळे टेकडीकडे जातात. माणसं टेकडीकडे का राहतात आणि समुद्राकडची जागा पाहुण्याला इतक्या प्रेमाने का दाखवतात, हे मला त्या बाणांनी समजावलं.

या किनाऱ्यावर समुद्राकाठची कायमची जागा एकाच बाईंना मिळालीय. त्या दक्षिण समुद्राच्या राणी, न्याई रोरो किदुल. हिरवा रंग त्यांचा, म्हणून हिरवं घालून कोणी पाण्यात उतरत नाही. याच किनाऱ्यावर पार पश्चिमेला, पलाबुहान रातूला, सुकर्णोंच्या काळात बांधलेलं एक मोठं हॉटेल आहे. तिथली 308 नंबरची खोली राणीसाठी राखून ठेवलेली असते. भाडं नाही, करार नाही, वर्षांची मुदत नाही. हे ऐकलं तेव्हा साडू हिरव्या टी-शर्टात किनाऱ्यावर उभे होते. पाक एर्तेंनी काही न बोलता स्वतःचा शर्ट काढून त्यांना दिला. त्यावर टायर कंपनीची जाहिरात होती, आणि पुढे सगळा मुक्काम गाव साडूंना पंक्चरचे दर विचारत होतं.

संध्याकाळी ओसरीच्या वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यात एक पक्षी घुमायला लागला. कवड्याच्या जातीतला, परकुतुत. त्याची किंमत साडूंनी सवयीने विचारली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी चहा न मागवता आकडा सांगितला. चांगल्या आवाजाच्या पक्ष्यासाठी लोक मोटारसायकलीएवढे पैसे मोजतात. जावातल्या पुरुषाला पूर्णत्व यायला पाच गोष्टी लागतात, अशी जुनी समजूत आहे: घर, बायको, घोडा, क्रिस नावाची नागमोडी पात्याची कट्यार, आणि पिंजऱ्यातला गाणारा पक्षी. घोड्याच्या जागी आता मोटारसायकल आलीय. साडूंनी बोटांवर दोनदा मोजलं. यादीत जमीन नव्हती. आणि घर होतं, तर ते ट्रकमधून जाणारं. या पाचांपैकी एकही गोष्ट जागची हलणार नाही, अशी नव्हती.

गावात आणखी एक प्रकार पाहिला. दर घराच्या दाराशी एक छोटी डबी टांगलेली. घरातल्याने त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे, रात्री गस्तीची पोरं लाकडी घंटा ठोकत येऊन ते गोळा करतात, आणि त्यातून वाडीचा रस्ता, दिवा, कोणाचं दुखणं निघतं. आता तांदळाऐवजी 500 चं नाणं टाकतात, म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. आपलंही गावाशी नातं जडावं म्हणून साडूंनी डबीत दुमडून 50,000 ची नोट घातली आणि समाधानाने झोपले. रात्री एकला दार वाजलं. बाहेर गस्तीची पोरं उभी होती. त्यांनी गस्तीच्या पेटीतून उरलेले पैसे परत आणले होते, 500 च्या नाण्यांत. नव्याण्णव नाणी ओसरीवर मोजून झाली, साडूंची सही झाली, तोवर कोंबडे आरवायला लागले होते.

निघायच्या आदल्या दिवशी पाक एर्तेंच्या पुतणीचं लग्न होतं. मांडवाच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे ध्वनिक्षेपक, बायका तांदूळ, साखर आणि शेवयांची पुडकी घेऊन येताहेत, पुरुष पाकिटं देताहेत. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून एक चष्मेवाले गृहस्थ सगळं लिहून घेत होते: नाव, वाडी, किती रुपये, किती किलो. मी मागची पानं चाळायला मागितली तर त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठाच पुढे केला. सात भावंडांच्या सह्या आणि सी-वहीतली चार माणसं यांच्यातून ज्या गावाला एक जमीन सोडवता येत नव्हती, तिथे कोणत्या लग्नात कोणी किती साखर दिली आणि ती कोणाच्या लग्नात परत गेली, हे किलोच्या पाव भागापर्यंत नोंदलेलं होतं. खाडाखोड नाही.

साडूंनी पाकीट दिलं. त्यांची तिन्ही नावं तीन ओळींत लिहून झाल्यावर चष्मेवाल्यांनी आहेराची परतफेड करायची म्हणून विचारलं, "तुमच्याकडे लग्न कधी?" मुलगा अजून चौथीत आहे, असं साडूंनी सांगितलं. गृहस्थांनी मान डोलावली, पेन खाली ठेवलं, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने तेवढंही लिहून घेतलं.