अर्ध्या गुणाची माणसे

श्वान-आज्ञापालनाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या माणसाला अमेरिकेत ‘हँडलर’ म्हणतात. कुत्रा पाळणारे लोक उदंड आहेत, पाळलेल्या कुत्र्याला चार गोष्टी शिकवणारे बऱ्यापैकी आहेत, आणि शिकवलेला कुत्रा बसताना त्याचे बूड दीड इंच डावीकडे गेले म्हणून रात्रभर तळमळणारे फार थोडे आहेत. हँडलर या तिसऱ्या वर्गात मोडतो. खरे म्हणजे मोडते. कारण ही जमात बहुतांशी बायकांची आहे, वय पन्नाशीच्या अल्याडपल्याड, आणि रिंगणाजवळ पुरुष दिसलाच तर तो पुष्कळदा घडीची खुर्ची आणि कुत्र्याचा पिंजरा वाहून आणलेला नवरा असतो. म्हणून पुढील वर्णन स्त्रीलिंगी केले आहे. पुरुष हँडलरांनी त्यात सुटका मानू नये.

या जमातीचा उगम एका रागातून झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या हेलीन व्हाइटहाउस वॉकर या बाई स्टँडर्ड पूडल जातीचे कुत्रे पाळत. पूडल म्हणजे केस कापून मिरवायचा शोभेचा प्राणी, त्याला डोके कसले, असे लोक हिणवत. वॉकरबाईंना ते सोसेना. त्यांनी इंग्लंडमधल्या चाचण्यांचा नमुना समोर ठेवून ऑक्टोबर १९३३ मध्ये माउंट किस्को येथे वडिलांच्या जागेवर एक परीक्षा भरवली. आठ कुत्रे आले. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या परीक्षेला नियमांच्या चौकटीत घेतले, आणि पुढच्याच वर्षी वॉकरबाई व त्यांच्या सहकारी ब्लांश साँडर्स मोटारीमागे ट्रेलर जोडून तीन पूडलांसह देशभर दहा हजार मैल फिरल्या. गावोगावी प्रात्यक्षिके झाली, लोक चकित झाले, पूडलांची अब्रू राहिली. खेळ पसरला आणि ‘आमचा कुत्रा काही कमी नाही’ हा मूळ रागही त्याच्याबरोबर पसरला. आजच्या हँडलरमध्ये तो शाबूत आहे. फक्त पूर्वी तो शेजाऱ्यांवर होता, आता परीक्षकावर असतो.

परीक्षा दोनशे गुणांची. तिची खुबी अशी की कुत्रा रिंगणात पाऊल टाकतो तेव्हा दोनशेच्या दोनशे गुण त्याच्या नावावर असतात. कमवायचे काहीच नसते. जे आहे ते पुढच्या काही मिनिटांत गळू द्यायचे नाही, एवढेच. गुण अर्ध्या-अर्ध्याने गळतात. कुत्रा वाकडा बसला, अर्धा. चालताना इंचभर पुढे गेला, अर्धा. मागे रेंगाळला, अर्धा. पायाला घासला, अर्धा. फटकून चालला, अर्धा. चूक मोठी असेल तर एकदम तीन किंवा अधिक. १७० ला उत्तीर्ण होता येते, मात्र प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त गुण हवेत. म्हणजे तीस गुणांची घसघशीत सवलत आहे. या सवलतीकडे सराईत हँडलर ढुंकूनही पाहत नाही. १७० ची तिला लाज वाटते, १९० ला ती ‘ठीक’ म्हणते आणि १९८ ला तिला कसलेसे दुःख होते. मराठी वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये. दहावीत ९८ टक्के घेऊन आलेल्या पोरीला पेढा भरवता भरवता ‘उरलेले दोन कुठे सांडलीस?’ असे विचारणारे घर ज्याने पाहिले आहे, त्याला हँडलर निम्मी कळली.

पहिल्या पातळीला नॉव्हिस म्हणतात. तिच्यात चाळीस गुण साखळी लावून चालण्याचे आणि चाळीस गुण साखळी सोडून चालण्याचे. या चालण्याला ‘हील’ असे नाव आहे. कुत्रा डाव्या बाजूला, त्याच्या डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग हँडलरच्या डाव्या कमरेच्या रेषेत. परीक्षक म्हणतो ‘फॉरवर्ड’, की दोघांनी निघायचे; ‘हॉल्ट’, की थांबायचे आणि कुत्र्याने न सांगता बसायचे; मध्ये डावे वळण, उजवे वळण, उलटे वळण, जलद, संथ. पाहणाऱ्याला वाटते की परीक्षा कुत्र्याची आहे. नियमावली वाचली की तो भ्रम राहत नाही. कुत्रा मागे पडला म्हणून हँडलरने आपली चाल मंदावली, गुण गेले. मान किंचित हलवून खूण केली, गुण गेले. हाक मारताना खांदा पुढे झुकला, गुण गेले. एकदा दिलेली आज्ञा दुसऱ्यांदा दिली, तर पुष्कळदा परीक्षाच गेली. लांबून कुत्र्याला बोलावताना दोन्ही हात बाजूला नैसर्गिकपणे लोंबते ठेवावेत असा नियम आहे, आणि नियमाने हात नैसर्गिक ठेवायला सांगितले की ते किती अनैसर्गिक लोंबतात हे पाहण्यासाठी एखादी ट्रायल, म्हणजे अशी स्पर्धा, जरूर पाहावी. बोलावलेला कुत्रा समोर येऊन बसतो तो इतका जवळ हवा की बाईला पाय न हलवता, अंग न ताणता त्याच्या डोक्याला हात लावता आला पाहिजे. प्रत्यक्षात हात लावायचा नसतो. परीक्षक ‘एक्सरसाइज फिनिश्ड’ म्हणेपर्यंत मायेलाही बंदी असते.

एवढे सगळे अंगी मुरायचे म्हणजे सराव हवा, आणि हँडलरचे आयुष्य सरावाने व्यापलेले असते. वळताना कोणते पाऊल आधी टाकायचे याला ती ‘फूटवर्क’ म्हणते आणि त्याचा रियाज कुत्र्याशिवाय करते. सुपरमार्केटमध्ये डाळी-कडधान्यांच्या फडताळासमोर एखादी बाई ढकलगाडी सोडून अचानक थांबली, टाचेवर गर्रकन उलटी फिरली आणि डाव्या मांडीजवळच्या मोकळ्या हवेकडे पाहून प्रसन्न हसली, तर तिला वेड लागलेले नाही. तिची रविवारी ट्रायल आहे. फरशीच्या रेषा तिच्या घरी सरळ बसण्याची मापे म्हणून वापरतात. इंग्रजी आठच्या आकड्याचा एक प्रकार असतो, त्यात आठ फुटांवर उभ्या असलेल्या दोन माणसांभोवती कुत्र्यासह चालायचे असते. या माणसांना खांब म्हणतात. घरच्या सरावात एक खांब म्हणजे कचऱ्याची बादली आणि दुसरा म्हणजे नवरा. दोघांपैकी बादलीविषयी तक्रार कमी असते, कारण ती फोनकडे बघत नाही.

कुत्र्याने चालताना सतत मालकिणीच्या तोंडाकडे पाहावे ही सध्याची फॅशन आहे. पाहण्यासारखे तोंडात काहीतरी असल्याशिवाय कोणताच कुत्रा तसे पाहत नाही. यावर हँडलरांनी काढलेला तोडगा सरळ आहे: चीजचे किंवा उकडलेल्या सॉसेजचे तुकडे गालात धरायचे आणि कुत्र्याची मान मनासारखी वर आली की नेम धरून त्याच्या तोंडात थुंकायचे. पट्टीची हँडलर चालता चालता, बोलता बोलता हे करू शकते. या गुणामुळे तिच्याशी समोरासमोर उभे राहून गप्पा मारताना नवखा माणूस जरा बाजूला सरकतो.

कुत्र्याला शिकवावे कसे, या प्रश्नावर जमातीत दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार जपूनच चालतो. जुना पंथ विल्यम केलरचा. डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी शिकवणाऱ्या या गृहस्थांचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. गळ्यातली साखळी, तिचा झटका आणि ‘चुकलास तर भोगशील’ हा रोकडा न्याय ही त्याची त्रिसूत्री. नवा पंथ कॅरन प्रायर यांचा. डॉल्फिनना शिकवता शिकवता त्यांना उमगले की पोहत निघून जाणाऱ्या प्राण्याला झटका देता येत नाही, बक्षीसच द्यावे लागते. १९८४ मध्ये त्यांचे पुस्तक आले, पुढे ‘क्लिक’ आवाज करणारी डबी आली, आणि हँडलरांच्या खिशांत खाऊची पिशवी आली. डबीवाल्या साखळीवाल्यांना निर्दय म्हणतात, साखळीवाल्या डबीवाल्यांना भाबड्या म्हणतात. यात न्याय द्यायचाच तर तो डबीकडे जातो, कारण भीतीने शिकलेला कुत्रा शेपूट पाडून चालतो आणि ते लांबूनही दिसते. मात्र सहनशीलतेचा हा धडा नव्या पंथाने कुत्र्यापुरताच ठेवला आहे. साखळीवालीशी बोलताना डबीवाली अजून झटकेच वापरते.

जातीच्या प्रश्नावरही मने दुखावलेली असतात. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये आज्ञापालन परीक्षकांची मते गोळा करून कुत्र्यांच्या जातींची क्रमवारी लावली. बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा (वॉकरबाईंचे पांग फिटले), मग जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन. ७९ वा आणि शेवटचा अफगाण हाउंड. बॉर्डर कोलीवाली हँडलर ही यादी मानते पण बोलून दाखवत नाही. बीगल किंवा बॅसेट घेऊन उतरणारी मात्र सांगते की यादी आज्ञापालनाची आहे, अकलेची नाही, आणि तिचा कुत्रा आज्ञा समजून घेऊनच नाकारतो. हे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या टाकाऊ नाही. तिला १७३ मिळाले की सारा मांडव टाळ्या वाजवतो, आणि १९८ वाली मनात हिशेब करते की आपल्यासाठी एवढ्या कधी वाजल्या नव्हत्या. २०१० पासून मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही अमेरिकन केनेल क्लबच्या रिंगणात प्रवेश मिळाला, तेव्हापासून प्राणी-निवाऱ्यातून आणलेला बेनामी वंशाचा कुत्रा घेऊन येणारी हँडलरही दिसते. तिला यादीत जागाच नसल्याने ती सर्वांत निवांत असते.

स्पर्धेचा दिवस पहाटे पाचला उजाडतो. व्हॅनमध्ये पिंजरा, खुर्ची, पाण्याचे भांडे, आणि मालकिणीच्या न्याहारीहून विचारपूर्वक निवडलेला कुत्र्याचा खाऊ. डाव्या दंडावर क्रमांकाची पट्टी. रिंगणात खाऊ न्यायला बंदी आहे, आणि सगळा घोळ तिथे होतो. कारण रिंगणात खाऊही नाही आणि झटकाही नाही, हे अनुभवी कुत्र्याला दोन-तीन ट्रायलांत कळते. मग जो घरी घड्याळासारखा चालतो तो तिथे सावकाश येतो, वाटेत मागच्या स्पर्धकाने काय सांडले याचा तपास करतो, एखादा रिंगणातच पाय वर करतो. पाय वर केला की परीक्षा संपली. पूर्वी नवशिक्या कुत्र्यांना एका ओळीत तीन मिनिटे आडवे पडून राहावे लागे आणि मालकिणी समोर उभ्या असत. वरच्या पातळीवर पाच मिनिटे, आणि मालकिणी नजरेआड. पडद्यामागच्या त्या पाच मिनिटांत कोणी बोलत नसे. २०१८ मध्ये नियम बदलले आणि ओळीतल्या परीक्षेचे ते स्वरूप गेले. जुन्या हँडलर त्याबद्दल हळहळतात, पण त्या पाच मिनिटांत नखे कुरतडून बोटांची काय दशा होई ते सांगत नाहीत.

सर्वांत वरच्या, ‘युटिलिटी’ पातळीवर एक प्रकार असा आहे की त्यात बाईला काहीही करता येत नाही. चामड्याच्या आणि धातूच्या एकसारख्या डंबेलांच्या ढिगात एकाला फक्त तिच्या हाताचा वास लावलेला असतो, आणि तेवढे एक कुत्र्याने हुंगून आणायचे असते. कुत्र्यासाठी हा पोरखेळ आहे. हँडलरला मात्र याच प्रकाराची सर्वांत धास्ती वाटते, कारण सुधारायला स्वतःची चूकच उरत नाही. ती डंबेले डब्यात घालून ठेवते, परका वास लागू नये म्हणून चिमट्याने उचलते, आणि तो चिमटा स्वयंपाकघरातला असल्याचे घरच्यांना रविवारी संध्याकाळी कळते.

निकालानंतरची भाषा ठरलेली असते. गुण चांगले मिळाले तर ‘आम्ही १९७ घेतले’. कुत्रा उठून गेला तर ‘तो उठला’. बक्षीस म्हणजे एक फीत: पहिल्याला निळी, नुसत्या उत्तीर्णाला गडद हिरवी. जोडीला कधी एखादे रबरी खेळणे. प्रवेशशुल्क, पेट्रोल आणि मोटेलचे भाडे जमेस धरले तर ती फीत जरीच्या शालूहून महाग पडते. हा हिशेब नवरा एकदाच मांडतो. वेगवेगळ्या परीक्षकांपुढे तीनदा उत्तीर्ण झाले की कुत्र्याच्या नावामागे पदवी लागते. १९७७ पासून त्याहून मोठी पदवी आहे ‘ऑबिडियन्स ट्रायल चॅम्पियन’, आणि ती नावाच्या पुढे लागते. काही कुत्र्यांची नावे पदव्यांसह लिहायची तर लग्नपत्रिकेतल्या डॉक्टर वरापेक्षा जास्त जागा लागते.

आपल्याकडे केनेल क्लबांच्या शोमध्ये आज्ञापालनाच्या परीक्षा होतात आणि पोलीस श्वानपथकांची प्रात्यक्षिके गर्दी खेचतात, पण अर्ध्या गुणासाठी जागणारी जमात अजून विरळ आहे. पुण्या-मुंबईच्या घरांत नातवाशी, भाजीवाल्याशी आणि देवाशी मराठीत बोलणारे आजोबा कुत्र्याला मात्र ‘सिट’ म्हणतात. तो बसत नाही. आजोबा पुन्हा म्हणतात, पाचव्यांदा म्हणतात, शेवटी स्वतःच खुर्चीत बसतात. ट्रायलच्या नियमांनी तो कुत्रा दुसऱ्या ‘सिट’लाच बाद झाला असता.

कुत्रा म्हातारा झाला, उडीच्या अडथळ्यापाशी थबकू लागला, की हँडलर त्याला निवृत्त करते आणि सोफ्यावर चढायची परवानगी देते, जी तो आठ वर्षे गुपचूप घेतच होता. मग पिल्लाचा शोध सुरू होतो. सात आठवड्यांच्या पिल्लांसमोर चेंडू टाकून, किल्ल्या वाजवून, कोण मागे येतो आणि कोण पळतो हे ती टिपून घेते. ब्रीडर चहा देत राहतो. पिल्लाला हाकेसाठी एक आखूड नाव मिळते, कारण रिंगणात मोठ्या नावाने वेळ जातो. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच ते फरशीच्या रेषेला लावून बसवले जाते आणि नवरा खांबाच्या जागी परत उभा राहतो. स्पर्धेत मात्र सहा महिने पुरे होईपर्यंत प्रवेश मिळत नाही. नियमावलीतल्या इतक्या जाचक अटींपैकी हँडलरला अन्यायाची वाटते ती ही एकच.