आधी छप्पर, मग जन्म

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा परवा साडेतीन तास चालली. त्यातले तीन तास पार्किंगवर गेले. हिशेबाला सात मिनिटे, गळक्या टाकीला पाच, उरलेला वेळ समोशांना. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नवी गाडी घेतली, पण जुनीवरचा जीव सुटेना, म्हणून ती विकली नाही. आता ती बिचारी रात्रभर फाटकाबाहेर उघड्यावर उभी असते. हे सांगताना काकांचा आवाज कापरा झाला. ‘पावसाळ्यात काय हाल होतील हो तिचे!’ असे एक वहिनी म्हणाल्या आणि अख्खी सभा हळहळली. मीही हळहळलो. मुंबईकराला काळीज नसते म्हणणाऱ्यांना एकदा आमच्या सभेला आणून बसवले पाहिजे.

गाडीच्या बाबतीत सरकारही मायाळू आहे. इमारतीचा नकाशा मंजूर व्हायचा तर त्यात पार्किंग दाखवावेच लागते. मोठ्या गाडीला अडीच मीटर बाय साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात तीन-तीन पिढ्यांनी संसार केले, बाळंतपणे काढली, दहावीचे अभ्यास केले. गाडीला सासू नसते, दहावीही नसते, तरी जागा जवळपास तेवढीच. शिवाय सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेच्या हवाली केला, तर विकासकाला बक्षिसी म्हणून जादा चटईक्षेत्र देण्याचीही योजना निघाली.

2025 मध्ये तर आपल्या परिवहन मंत्र्यांनी कमाल केली. पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल, तर नव्या गाडीची नोंदणीच करायची नाही, असा विचार त्यांनी मांडला. आधी छप्पर, मग जन्म! कोणत्याही संस्कृतीने आपल्या लेकरांचा इतका पुढचा विचार केलेला नाही.

माणसाचे उलटे. त्याने आधी जन्मावे आणि मग कागद गोळा करावेत. झोपडीच्या बदल्यात फुकट घर हवे असेल, तर 1 जानेवारी 2000 पूर्वीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा आणावा. पूर्वी ही तारीख 1 जानेवारी 1995 होती. (निवडणूक जवळ आली की मुंबईत तारखांनाही पाय फुटतात.) फूटपाथवर झोपणाऱ्याकडे मुळात झोपडीच नाही, आणि त्याचे गाठोडे कागदांसकट पालिकेच्या ट्रकमध्ये कधीच चढलेले असते. म्हाडाची सोडत आहेच म्हणा. 2023 च्या सोडतीत ताडदेवचे एक घर साडेसात कोटींना होते. सोडतीत नंबर लागावा म्हणून एक नवस आणि पैसे भरता यावेत म्हणून दुसरा.

तोवर रात्र काढायला निवारा हवा. तशी सोयही सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून ठेवली आहे: लाखभर वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा. 2011 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात भरली, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. पालिका त्या आकड्याच्या जवळपासही फिरकलेली नाही. त्याच जनगणनेत शहरात 57 हजारांवर बेघर सापडले आणि पावणेपाच लाखांच्या आसपास घरे रिकामी. भागाकार केला तर एका बेघराला आठ घरे येतात. म्हणून मी भागाकार करत नाही.

सभेतला शेवटचा विषय वॉचमनचा होता. मराठवाड्यातून आलेला हा गृहस्थ रात्रपाळी संपली की जिथली गाडी बाहेर गेलेली असेल, त्या जागेत चटई टाकतो. गाडी आली की चटई गुंडाळतो आणि दुसरी रिकामी जागा शोधतो. ‘सामायिक जागेत अंथरूण दिसता कामा नये’ असा ठराव आला. पाहुणे येतात, बरे दिसत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. समोसा डाव्या हातात होता, उजवा मोकळाच होता.

खाली उतरलो तर तो जिन्यापाशी उभा. ठरावाचे त्याला अजून कोणी सांगितले नव्हते.

‘साहेब,’ तो हळूच म्हणाला, ‘दुसऱ्या मजल्यावरचे महाबळेश्वरला गेलेत ना? सोमवारी येतील का मंगळवारी, काही बोलले का?’