अहो, त्या बझचं ऐकलंत का?

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाशी. बिबड्या वाळायला अजून वेळ आहे, आणि उन्हात एकटीने कावळे हाकलत बसायचं म्हणजे... बरं ते जाऊ द्या. समोरच्यांकडे काल काय झालं, ऐकलंत का?

धुळ्याहून नातवंडं आलीत ना सुट्टीला, त्यांनी दुपारी टीव्हीवर 'लाइटइयर' लावला. हो, तोच, आपल्या 'टॉय स्टोरी'तल्या बझचा स्वतंत्र सिनेमा. धाकटा तर खेळण्यातला बझ छातीशी धरून मांडी घालून बसला. अर्ध्या तासाने विचारतो कसा, "आजी, वूडी कधी येणार?" आजी म्हणाल्या, येईल रे, जरा दम धर. बझचा तो जोडीदार वूडी, कुठला येतोय! शेवटी नावं वर सरकायला लागली आणि पोराचा चेहरा असा उतरला म्हणता... आजींनी चष्मा काढला आणि निकाल देऊन टाकला, "हाऊ तो बझ नही शे!"

मी म्हटलं, आजी, तुम्ही जे एका दुपारी ओळखलंत ना, ते हा सिनेमा काढणाऱ्या पिक्सारवाल्यांना कोट्यवधी डॉलर घालवल्यावर कळलं.

खोटं नाही सांगत. 2022 च्या जूनमध्ये आला तो सिनेमा. कोरोनात त्यांचे 'सोल', 'लुका' नि 'टर्निंग रेड' घरच्या पडद्यावरच आटोपले होते. दोन वर्षांनी थिएटरात काही येणार, तेही बझचं, म्हटल्यावर सगळे टपून बसलेले. पण पहिली शंका आवाजापासूनच. बझ म्हणजे टिम ॲलन, बरोबर? यांनी घेतला ख्रिस एव्हान्स, तो कॅप्टन अमेरिका झालेला देखणा. त्याला बिचाऱ्याला घोषणेच्या दिवसापासून लोकांना समजावत बसावं लागलं, की हा खेळण्यातला बझ नव्हे, ज्याच्यावरून खेळणं काढलं तो खरा माणूस. सिनेमाच्या सुरुवातीलाही तेच लिहून येतं. 'टॉय स्टोरी'तल्या त्या पोराला, अँडीला, 1995 मध्ये जे खेळणं मिळालं ते त्याच्या आवडत्या सिनेमातलं होतं, आणि तो सिनेमा म्हणजे हा. आता सांगा, पाच वर्षांच्या पोराने हे नातं लावायचं कसं? मला स्वतःला सासरची भाऊबंदकी लावायला इतका वेळ लागला नव्हता.

तर काय सांगत होते... हां. खरी गोम तिथेही नाही. बझची सगळी गंमत कशात होती हो? आपण खेळणं आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं! छाती फुगवून चालायचा, मनगटावरच्या स्टिकरमध्ये मुख्यालयाला निरोप द्यायचा. आणि मग त्या दुष्ट सिडच्या घरात टीव्हीवर स्वतःचीच जाहिरात बघतो. आठवतंय ना तोंड? तरी एकदा उडून बघतो, जिन्यावरून खाली आदळतो, हात निखळतो. माझी मोठी जाऊ, जी लग्नात पाठवणीलासुद्धा रडली नाही, ती तिथे पदराने डोळे पुसत होती. आता नव्या सिनेमात हा खरोखरचाच अंतराळवीर. मग हसायचं कशाला आणि रडायचं कशाला? भरीत पार्टीला बोलवायचं आणि वांगं न भाजता उकडून वाढायचं, तशातली गत.

अगदीच वाईट आहे असं नाही म्हणणार मी. पहिला अर्धा तास छान आहे. त्याच्या चुकीने यान एका परक्या ग्रहावर अडकतं, आणि सुटकेसाठी तो नव्या इंधनाची चाचणी घ्यायला निघतो. चार मिनिटांची चक्कर मारून येतो तर इथे चार वर्षं उलटलेली. पुन्हा जातो, पुन्हा चार. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, ते आइन्स्टाइनचंच की. त्याची मैत्रीण अलिशा, दर खेपेला तिचे केस थोडे पिकलेले. लग्न, मूल, नातवंड, सगळं होतं आणि हा आपला तस्साच. एकदा परततो तर ती गेलेली असते, मागे नुसता निरोप. मी भाजी निवडायची थांबले हो! असलं सायन्स फिक्शन कोणाला नको आहे?

पण पुढे काय केलं माहितीये? धावाधाव, रोबो, ढिशूम ढिशूम. आणि तो खलनायक झर्ग! दुसऱ्या 'टॉय स्टोरी'त झर्ग छातीठोकपणे सांगतो की मी बझचा बाप. इथे चिलखत उघडलं तर आत कोण? बझच! दुसऱ्या काळातून आलेला म्हातारा बझ. समोरच्यांचा थोरला नातू नववीत आहे, तो ताडकन उठला, "मग बाप कुठे गेला?" कोणाकडेच उत्तर नाही. सगळ्यांचं लक्ष त्या सॉक्सवर, यंत्राच्या मांजरावर. आजी म्हणाल्या, "मांजर बेस शे!" मला तर वाटतं, अँडीने खरंच हा सिनेमा बघितला असता ना, तर आईकडे मांजरच मागितलं असतं.

पैशाचं ऐका आता. खर्च 20 कोटी डॉलर. जगभरचा गल्ला साडेबावीस कोटींच्या आसपास. मी म्हटलं, म्हणजे फायदाच की! आमचे हे सराफ बाजारात वह्या लिहितात, ते हसले. म्हणाले, अगं, थिएटरवाला निम्मं ठेवणार, जाहिरातीचा खर्च वेगळा, उरलं काय? सिनेमाच्या बातम्या देणाऱ्या 'डेडलाइन'ने नंतर हिशेब मांडला, तर तोटा दहा कोटी डॉलरच्या वर. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत पाच कोटी, आणि चौथ्या 'टॉय स्टोरी'ने तेवढ्याच दिवसांत बारा कोटी काढले होते. वर पहिला नंबरही मिळाला नाही, तो जुरासिकवाल्या डायनासोरांनी नेला.

कोणी म्हणतं त्या चुंबनामुळे बुडाला. अलिशा आणि तिची बायको, क्षणभराचं दृश्य. तेवढ्यावरून सौदी, अमिराती धरून 14 देशांत लागला नाही. आमच्या दुबईच्या दिरांना थिएटरात बघायलाच मिळाला नाही. पण वहिनी, जिथे लागला तिथे तरी कुठे रांगा होत्या? नंतर पिक्सारचे मोठे साहेब, पीट डॉक्टर, स्वतःच बोलले, की आम्ही प्रेक्षकांकडून फार मागितलं. बझ म्हटलं की लोक वूडीला शोधतात.

आणि गंमत बघा, बझला एकट्याला काढायचा हा काही पहिला घाट नव्हे. 2000 मध्ये त्याची 'स्टार कमांड' नावाची कार्टून मालिका येऊन गेली. साधी, सपाट चित्रांची, झर्ग आपला झर्गच. तिच्याकडून कोणाची फार अपेक्षाच नव्हती, म्हणून पोरं खुशाल बघायची.

आपल्याकडेही झालं की! 'कल्की' यायच्या आधी, 2024 च्या मे महिन्यात, 'बुज्जी आणि भैरवा'. छोटा भीमवाल्यांनीच केलेलं. प्रभासचा भैरवा, ती बोलकी गाडी... सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं. दोनच भाग! धुळ्याची नणंद म्हणाली, ही तर सिनेमाची जाहिरात, कार्टून कसलं.

त्यापेक्षा आपलं मालेगाव बरं नाही का? धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या शेख नासिरने यंत्रमाग चालवणाऱ्या काडीपैलवान शफीकला निळे कपडे चढवून सुपरमॅन केला, मागे हिरवं कापड लावून उडवलासुद्धा! 2008 मध्ये फैजा खानने त्याच्यावर माहितीपट केला, आणि 2025 मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. तोही उसना हिरोच की हो. पण आमचा सुपरमॅन खरा आणि तुम्ही बघता तो नकली, असं कोणी पाटी लावून सांगितलं नाही. गंमत करतोय म्हणाले आणि केली.

अहो, जाऊ नका, खरी बातमी तर पुढेच आहे. 2023 च्या मे महिन्यात पिक्सारमधून 75 जणांना घरी पाठवलं. त्यात 'लाइटइयर'चा दिग्दर्शक अँगस मॅक्लेन, 26 वर्षं तिथे काढलेला. आणि निर्माती गॅलिन सस्मन. ही कोण, विचारा ना!

1998 मध्ये दुसऱ्या 'टॉय स्टोरी'चं काम चालू असताना कोणीतरी कॉम्प्युटरला नको ती आज्ञा दिली. लोक स्क्रीनकडे बघतायत आणि वूडीची टोपी गायब, मग बूट, मग अख्खा वूडी! बहुतेक सगळा सिनेमा पुसला गेला. राखीव प्रत काढायला गेले तर ती महिनाभर नीट उतरतच नव्हती. सगळ्यांची तोंडं काळीठिक्कर. तेव्हा ही बाई म्हणाली, माझ्या घरी आहे. नुकतं बाळ झालेलं, घरून काम करायची, म्हणून एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीत बेल्ट लावून, लेकराला जपावं तसा ऑफिसात आणला. त्या बाईला काढलं हो!

आणि पाचवा 'टॉय स्टोरी' करणार हे तर 2023 च्याच फेब्रुवारीत जाहीर करून मोकळे झाले होते. त्यात बझ आहे, वूडीही आहे, आवाज पुन्हा टिम ॲलनचा. मला मेलीला एवढंच वाटतं, त्याच्या पहिल्या खेळाला त्या बाईला निदान चहाला तरी बोलावतील का हो?