नंबरासमोर उभा राहिलेला माणूस

मनमाडच्या जुन्या रेल्वे कुटुंबांत एक फोटो हटकून निघतो. काळा-पांढरा, कातरलेल्या कडांचा, एक कोपरा कसरीने फस्त केलेला. मधोमध वाफेचं इंजिन, त्याच्यापुढे लोको शेडमधली आठ-दहा माणसं, आणि त्यांतला सगळ्यांत उंच, सगळ्यांत रुंद इसम बरोबर इंजिनाच्या नंबरासमोर. फोटोग्राफरने त्याला तिथं उभं केलं की तो आपणहून तिथं गेला, कोण जाणे. मागे एवढं मोठं धूड मोकळं दिसतंय. झाकला गेलाय तो नेमका हातभर लांबीचा नंबर.

घरच्यांचं नंबरावाचून काही अडत नाही. "हे आप्पांचं इंजिन," असं सांगितलं जातं, सातबाऱ्यावर नाव चढल्याच्या खात्रीने. कुठल्या गाडीचं? "पंजाब मेलचं." साल? "इंग्रजांच्या वेळचं." मग एखादा इंजिनवेडा भाचा भिंग घेऊन बसतो आणि घरातली शांतता संपते.

भाच्याचं काम मनमाडात जरा जास्तच किचकट, कारण हे जंक्शन एका दमात झालेलं नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणारी जी. आय. पी. कंपनीची मोठी लाईन 1860 च्या दशकात आली. दौंडची लाईन 1878 मध्ये जोडली गेली. आणि 1900 च्या सुमारास थेट हैदराबादहून निजामाच्या रेल्वेची छोटी लाईन येऊन थडकली. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर, छोटीचं 1000. म्हणजे एकाच स्टेशनात दोन मापं, दोन मालक आणि दोन तऱ्हेची इंजिनं. औरंगाबादकडून आलेला माल एका वाघिणीतून उतरवायचा आणि दुसरीत चढवायचा. कित्येक हमालांची चूल त्या 676 मिलिमीटरांच्या फरकावर पेटायची.

त्यात गावात रेल्वेचा इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे. तिथं पुलांचे गर्डर तयार होतात, इंजिनं नव्हे. पण दोन पिढ्यांत कथेला चांगलीच चढण लागते आणि वर्कशॉपमध्ये रिव्हेट ठोकणारे आजोबा फोटोतलं इंजिन "स्वतःच्या हाताने बनवणारे" होऊन बसतात.

नवशिका भाचा आधी नंबर शोधतो. माणसांच्या खांद्यावरून डोकावणारे एक-दोन आकडे मिळाले की त्याला वाटतं, जिंकलं. पण नंबर फार लबाड असतो. स्वातंत्र्यानंतर मोठ्या लाईनीवर मेल-एक्सप्रेस ओढणारं राजेशाही इंजिन म्हणजे डब्ल्यूपी. एकूण 755 बनली. अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने 1947 मध्ये धाडलेल्या पहिल्या सोळा इंजिनांचे नंबर 7200 पासून सुरू झाले. पुढे आकडे संपत आले तेव्हा मागे वळून 7200 च्या खालचे नंबर वाटले गेले. त्यामुळे 7200 हे थोरलं आणि 7161 हे त्याच्याहून तब्बल अठरा वर्षांनी धाकटं. 7161 म्हणजे 'अकबर', चित्तरंजनच्या कारखान्यात 1965 साली तयार झालेलं. रेवाडीच्या शेडमध्ये जपलेलं हे इंजिन पुढे 'भाग मिल्खा भाग'सारख्या चित्रपटांत झळकलं. गोष्ट फाळणीच्या काळाची, इंजिन हरितक्रांतीच्या उंबरठ्यावरचं. प्रेक्षकांनी डोळे पुसले. इंजिनवेडे तेवढे खुर्चीत चुळबुळत राहिले.

नंबरानंतर चाकं. वाफेच्या इंजिनाची जात पुढची छोटी चाकं, मधली मोठी आणि मागची छोटी अशी मोजून सांगतात. डब्ल्यूपी चार-सहा-दोन. मालगाडीचं डब्ल्यूजी दोन-आठ-दोन. भाचा दिवाणखान्यात बसून "चार-सहा-दोन, नक्की चार-सहा-दोन!" असं ओरडला, की आतल्या खोलीतून मोठे मामा चिंतेने विचारतात, "हा पोरगा मटका कधीपासून लावायला लागला?"

मटक्याचा आकडा एकवेळ बरा, कारण चाकांचा आकडा जिंकूनही हाती काही लागत नाही. छोट्या लाईनीवरचं वायपी हेही चार-सहा-दोनच, आणि वायजी हेही दोन-आठ-दोनच. नुसत्या चाकांवरून ठरवायला गेलं, तर पंजाब मेल औरंगाबादला पोचते.

खरा पुरावा इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर असतो. मोठ्या लाईनीच्या इंजिनाला डावी-उजवीकडे दोन गोल बफर असतात आणि मधे कपलिंगचा हूक. छोट्या लाईनीच्या इंजिनाला मधोमध एकच बफर, आणि गाडी जोडायची सोयही त्यातच. माणसं नंबर झाकतात, धुराडं झाकत नाहीत आणि बफर तर कधीच झाकत नाहीत, कारण बफरवर पाय ठेवून उभं राहायची हौस प्रत्येक फायरमनला असते. भाचा भिंग सरकवतो. एकच बफर. मधोमध.

आता हे घरात सांगायचं कसं? पंजाब मेल 1912 पासून धावतेय, मनमाडवरूनच जाते आणि तिचा रुबाब काही औरच. फोटोतलं इंजिन मात्र छोट्या लाईनीचं निघालं, म्हणजे फार तर काचीगुड्याच्या अजिंठा एक्सप्रेसचं. आप्पांची 676 मिलिमीटरने पदावनती झाली. आत्या दोन दिवस भाच्याशी बोलत नाही. वास्तविक छोट्या लाईनीवर अजिंठा एक्सप्रेसचाही थाट होताच. तिच्या ड्रायव्हरकडे अख्खा मराठवाडा मान वर करून बघायचा. पण घरात एकदा पंजाब मेल शिरली की तिला बाहेर काढणं अवघड.

अशा वेळी तोच नंबरासमोरचा रुंद माणूस कामाला येतो. डब्ल्यूपीचं मोठं चाक पाच फूट सात इंच व्यासाचं, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या बऱ्याच माणसांच्या टाळूपर्यंत. वायपीचं साडेचार फूट, छातीच्या आसपास. चाकाजवळ उभा असलेला कुणी ओळखीचा निघाला आणि त्याची उंची ठाऊक असली, की त्याच्यावरून चाक मापता येतं. आणि मराठी घरात उंची कुठेतरी लिहिलेली असतेच. जन्मतारखेचा घोळ असेल, शाळेचा दाखला हरवला असेल. पण लग्न जमवताना मुलीकडच्यांना पाठवलेल्या माहितीत 'उंची 5 फूट 6 इंच' हे ठळक असतं. त्यातला एखादा इंच भिडेखातर वाढवलेला, तो वजा करून भाचा पुढे जातो.

जागा पटली की साल. त्यासाठी टेंडरवरची अक्षरं बघायची. टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा. मोठ्या लाईनीच्या एका टेंडरात वीस हजार लिटरहून अधिक पाणी मावायचं. नळाला पाणी कधी येणार म्हणून आठवडेच्या आठवडे हंडे मांडून बसलेला मनमाडकर फोटोतल्या त्या टेंडराकडे बघतो तेव्हा त्याच्या मनात इतिहासप्रेमापेक्षा वेगळीच भावना दाटते. तर त्या टेंडरवर जी. आय. पी. असेल तर रंगकाम 5 नोव्हेंबर 1951 च्या आधीचं, कारण त्या दिवशी जी. आय. पी., निजामाची रेल्वे आणि आणखी काही मिळून मध्य रेल्वे झाली. छोट्या लाईनीच्या टेंडरांनी तर तीन मालक पाहिले: आधी निजाम, मग मध्य रेल्वे, आणि 2 ऑक्टोबर 1966 पासून दक्षिण मध्य. मात्र इथेही सावध राहावं लागतं. मालक दिल्लीत बदलतो. रंगारी काही त्याच दिवशी डबा घेऊन धावत नाही.

फोटोच्या वरच्या कडेला विजेची तार दिसतेय का, हेही बघायचं. मुंबईकडची जुनी वीज 1930 मध्ये इगतपुरीपर्यंत येऊन थांबली आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच थांबून राहिली. मनमाडकडे तारा आल्या त्या 1960 चं दशक सरताना, आणि त्याही वेगळ्या दाबाच्या. म्हणजे वाफेचं इंजिन आणि वर तार असा फोटो असला, तर 'इंग्रजांच्या वेळचं' हे प्रकरण तिथंच मिटतं. ज्या फोटोत 'खेकडा' असेल, तो मनमाडचा नव्हेच. खेकडा म्हणजे 1928 च्या सुमारास आलेलं, घाटात मालगाड्या ओढणारं, पुढे-मागे लांबट सोंडा असलेलं विजेचं इंजिन. युरोपात त्या घाटणीच्या इंजिनांना मगर म्हणतात. आपल्या ड्रायव्हरांनी त्याचा खेकडा केला. तो जुन्या विजेवर चालायचा, त्यामुळे इगतपुरीच्या पुढे त्याला जेवणच नव्हतं. "मनमाडच्या प्लॅटफॉर्मवरचा खेकडा" हे शीर्षक दिसलं, की बघावं: मागे घाटाची भिंत असते.

मनमाडची मात्र एक खूण सहसा दगा देत नाही. फोटोच्या पार्श्वभूमीला वर काढलेल्या अंगठ्याच्या आकाराचा सुळका दिसला, की ती हडबीची शेंडी. मग कुणी भुसावळ म्हणो, कुणी सोलापूर म्हणो, भाचा हसतो आणि गप्प बसतो.

सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत निरुपयोगी फोटो असतो तो खंडेनवमीचा. शेडमधल्या इंजिनाची पूजा झालेली, झेंडूच्या माळा धुराड्यापासून बफरपर्यंत, केळीचे खुंट दोन्ही बाजूंना बांधलेले, नंबराच्या पाटीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि टेंडरवरच्या अक्षरांवर आंब्याचं तोरण. आश्विन शुद्ध नवमी, हे पंचांग न उघडता सांगता येतं. साल तेवढं विचारू नये.

कधी फोटोच उलटा छापलेला असतो. निगेटिव्ह पालथी पडली की डावं उजवं होतं. आकडे वाचता येत असतील तर चटकन कळतं. ते नसतील तर शर्टाकडे बघावं. शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. ओळीतल्या सगळ्यांचे खिसे उजव्या छातीवर दिसले, तर अख्खी लोको शेड डावखुऱ्या शिंप्याकडे गेली नव्हती. फोटो उलटा आहे.

हे वेड मनमाडपुरतं नाही. इंग्लंडात हाच उद्योग कालव्यांतल्या जुन्या मालवाहू होड्या आणि टग यांवर चालतो. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनसारख्या कंपन्यांच्या लांबट, अरुंद होड्या एकीसारखी दुसरी; ओळखायची कशी? पण त्या होड्यांतून माणसं बायकापोरांसह राहायची, म्हणून 1877 मध्ये कायदा झाला: राहती होडी नोंदवायची आणि नोंदणीचा नंबर होडीवर रंगवायचा. त्यामुळे फोटोत केबिनचा तेवढा तुकडा दिसला, की तिथले भाचे नोंदवहीपर्यंत पोचतात. अर्थात केबिनच्या त्याच तुकड्यासमोर एखादं कुटुंब हौसेने फोटोला उभं राहिलेलं असलं, तर तेही आपल्यासारखेच हात चोळत बसतात.

आणि घरगुती फोटोंचं सोडा, मोठमोठ्या ठिकाणीही हा घोळ होतो. दरवर्षी 16 एप्रिल आला, की 1853 ची पहिली गाडी म्हणून ठाण्यापुढच्या पुलावरच्या गाडीचा एक जुना फोटो गावभर फिरतो. त्या दिवशी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि रूळ ठाण्याला संपले. ठाण्यापुढचे पूल ओलांडून गाडी कल्याणला पोचली ती 1854 च्या मे महिन्यात. पहिली गाडी त्या पुलावर चढायची म्हटली असती, तर खाडीत पडली असती.

छोटी लाईन 1990 च्या दशकात मोठी झाली, वाफेची इंजिनं त्याच सुमारास भंगारात गेली. त्यांच्यावर काम केलेले ड्रायव्हर आणि फायरमन आता थकले आहेत. पण बफर एक की दोन, हे त्यांना भिंगाशिवाय सांगता येतं. तेव्हा घरात असा फोटो असेल तर तो आजच काढा आणि त्यांच्या पुढ्यात ठेवा. कोण, कुठे, साधारण कधी, हे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने नको, त्याचा वळ पुढे उमटतो. आणि स्कॅन करताना चेहरे मोठे दिसावेत म्हणून कडा कापू नका. मागची बाजूही स्कॅन करा.